धाकटीच्या जागा

३ मार्च, मंगळवार

टीव्ही केंद्रातून फोन! ताईनं लिहिलेल्या मालिकेला पन्नास वर्षं झाली — केंद्रावरची पहिलीच मालिका. सोहळा करणार म्हणे. "मावशी, तुमच्याकडे जुनं काही आहे का?" मुलगी गोड बोलते. मी विचारलं, तुमच्याकडे काय आहे? म्हणाली, "तेव्हा टेप पुसून परत वापरायचे ना." म्हणजे ताईच्या दोनशे भागांवर कुणाचे तरी फुटबॉलचे सामने!

फोन ठेवला आणि हाक मारली — ताई, ऐकलंस का? सहा महिने झाले तिला जाऊन. जीभ ऐकत नाही.

५ मार्च, गुरुवार

ती मुलगी येऊन गेली. जाड चष्मा, पायात दोन रंगांचे मोजे. मालिकेच्या नव्या भागाची, ताईची शेवटची, अर्धी राहिलेली फाइल हवी आहे. नवा लेखक पुरी करणार. सोमवारी न्यायला येते म्हणाली. जाताना दारात थांबली — "मालिकेतली धाकटी बहीण म्हणजे तुम्हीच ना? आई अजून तिच्यासारखी फटकळ बोलते!"

मीच की. थोरलीचं बोलणं ताई भराभर लिहायची. धाकटीचं आलं की जागा मोकळी सोडायची, समासात फुली मारायची. मग चहाला मला — "थोरली असं म्हणतेय. बोल, तू काय म्हणशील?" मी तोंडाला येईल ते बोलायचे. "अगं थांब, थांब!" करत ती उतरवून घ्यायची. पक्की प्रत माझ्याकडे. शाळेत सिस्टरांनी पट्टी मारून वळवलेलं अक्षर तेवढ्याच कामाला आलं.

तिच्या शेवटच्या वर्षी मात्र विचारणं बंद. दार लावून लिहायची. एकदा म्हटलं, धाकटी मुकी झाली का गं? "आहे, आहे. तू चहा घे." फार लागलं. मीही मग त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

७ मार्च, शनिवार

दूधवाला सोडून कुणाशी बोलले नाही.

८ मार्च, रविवार

फाइल बांधायला घेतली. वाचणार नव्हते.

थोरली आजारी आहे. डॉक्टरांनी तिला सगळं सांगितलंय, तिनं धाकटीपासून लपवलंय. शेवटच्या प्रसंगात सांगून टाकते — "मी आता फार दिवस नाही गं. रागावलीस?" खाली मोकळी जागा. समासात फुली. पुढे थोरली — "बोल ना." पुन्हा फुली. अकरा फुल्या मोजल्या!

ताईला ठाऊक होतं. तोंडावर विचारवलं नाही तिला. आणि मी रुसून बसले होते.

९ मार्च, सोमवार

मुलीला दारातूनच परत पाठवलं. म्हटलं, फाइल अजून लिहून व्हायचीय.

पहिल्या फुलीसमोर लिहिलं — "रागावलेय. चहा गार होतोय, पुढे वाच."