पोटाची पूर्वतयारी

३ मार्च, सोमवार
हर्नियाचं ऑपरेशन गुरुवारी. घाबरलेलो नाही. सिस्टरने लाल साबणाची बाटली दिली. बुधवारी एकदा, गुरुवारी सकाळी एकदा, गळ्यापासून खाली अंघोळ. फेस दोन मिनिटं अंगावर ठेवायचा. नंतर पावडर, तेल, सेंट काही नाही. पोटावर ब्लेड तर अजिबात नाही. कातडीवरचे जंतू जखमेत शिरतात म्हणे. दिवसातून दोनदा अंघोळ करणाऱ्याला ही शिकवते! मान डोलावली. बायकोने सगळं लिहून घेतलं. विसरभोळी आहे बिचारी.

४ मार्च
संकल्प: आदर्श पेशंट व्हायचं. बाटलीचा वास घेतला. पोटात गोळा आला. हर्नियाच असणार.

५ मार्च, सकाळी ११
पहिली अंघोळ. फेस लावून नुसतं उभं राहिलं की माणूस नको ते विचार करू लागतो. एकशेवीस आकडे मोजायचे होते, तिसावर थांबलो. मी सावकाश मोजतो.

सायंकाळी ५
सर्जनबाईंना केसांची अडचण नको म्हणून पोटावर स्वतःच ब्लेड फिरवलं. सिस्टरचा नियम नवशिक्यांसाठी. सात ठिकाणी किरकोळ लागलं. आफ्टरशेव्ह लावलं. ओरडलो. काय झालं, असं बायकोने बाहेरून विचारलं. गाणं म्हणतोय, म्हटलं. तिला ते लगेच पटलं, याचं वाईट वाटलं.

६ मार्च, सकाळी ६.३०
दुसरी अंघोळ. फेस चरचरला, लगेच धुतला. वर चिमूटभर पावडर. चारचौघांत जायचंय.

दुपारी १
सिस्टरने गाऊन बाजूला केला आणि सर्जनबाईंना बोलावलं. हे मांजराने केलं का, असं त्यांनी विचारलं. हो म्हणणार होतो. आमच्याकडे मांजर नाही, असं बायकोने सांगून टाकलं. ओरखड्यांत जंतू घर करतात, ते भरून आल्याशिवाय हात लावणार नाही, म्हणाल्या. ऑपरेशन रद्द. माझ्याऐवजी शेजारच्या कॉटवरच्या आजोबांना आत नेलं. सुटल्यासारखं वाटलं. रिक्षात चढताना हर्निया असा दुखला की डोळ्यांत पाणी आलं.

१७ मार्च, सकाळी ७
बायको बाथरूमच्या दाराबाहेर मोबाईलवर वेळ लावून उभी. पूर्ण दोन मिनिटं. काल एकदा, आज एकदा. ब्लेड तिच्या पर्समध्ये.

१८ मार्च
ऑपरेशन काल झालं. जखम स्वच्छ आहे, असं सर्जनबाई म्हणाल्या. तयारी उत्तम होती, असंही म्हणाल्या, पण बायकोकडे बघून. आत नेताना मी बायकोचा हात सोडेना, सोडवायला दोघीजणी लागल्या, असं सिस्टर सांगते. भुलीचा अंमल, दुसरं काय, म्हटलं.
भूल त्यानंतर दिली म्हणे.