खाली ठेवलेला पेला

डॉक्टर नझीह,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तोंडावर बोलायची हिंमत असती तर लिहिलंही नसतं.

माझा मुलगा राकान महिनाभर तुमच्याकडे उपचाराला फिरकला नाही, तेव्हा तुम्ही अम्मानहून आमच्या मादब्याच्या घरी आलात. मी कॉफी दिली. तुम्ही पेला खाली ठेवलात. मागणं मान्य होईपर्यंत पाहुणा कॉफीला तोंड लावत नाही, ही आपली रीत तुम्हीही पाळलीत.

मी म्हटलं, "काय, गिऱ्हाईक तुटलं म्हणून आलात?"

"अबू राकान, पोराला परत पाठवा. औषधं बंद करू नका."

राकान शेजारीच मान खाली घालून बसला होता. कॉफी पार निवली. शेवटी मी म्हणालो, "प्या. दिला शब्द." तुम्ही ती गार कॉफी प्यायलात.

तुमची गाडी वळते न वळते तोच मी राकानला म्हणालो, "यांचा कळवळा फीपुरता असतो. तुझ्या डोक्याला काही झालेलं नाही. उद्यापासून दुकानात बस."

तो बसला. सव्वीस दिवस, औषधांविना.

परवा त्याच्या दुखवट्याला तुम्ही आलात, अगदी टोकाला बसलात. तुमचा पेला मी स्वतः भरला. वाटलं, आता हा माणूस चारचौघांत पेला खाली ठेवणार आणि मला जाब विचारणार. ठेवला असतात तर बरं झालं असतं. तुमचे डोळे लाल होते. तुम्ही कॉफी लगेच पिऊन टाकलीत.

माझ्याकडे मागण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

राकानचा बाप