मागच्याने ओ द्यायचा

शनिवार, २४ सप्टेंबर २००५, वाल्डॉर्फ

पोचलो एकदाचे. यशोधन फ्रँकफर्टला गाडी घेऊन उभाच होता. कॉलेजात माझ्या वादविवाद संघात होता तेव्हा जेवढा बोलायचा त्याच्या दुप्पट आता बोलतो, आणि दर दोन वाक्यांनी आल्झो म्हणतो. नंदिनीने मागच्या सीटवरून विचारलं, भावोजी, हे आल्झो म्हणजे काय. तो म्हणाला, काही नाही वहिनी, आपलं 'तर मग'. तर मग काय, हे मात्र कधीच सांगत नाही, असं तिने मला हळूच म्हटलं.

घर दुसऱ्या मजल्यावर आहे. मागच्या खिडकीतून शेतं, आणि शेतांच्या पलीकडे जंगलाची काळी रेघ. खाली राहणाऱ्या मालकीणबाईंनी प्लमचा केक आणून दिला आणि कचऱ्याच्या चार डब्यांवर एक छोटं व्याख्यान दिलं. मला ते आवडलं. आपल्या मतावर ठाम असलेलं माणूस मला कोणत्याही भाषेत आवडतं.

मी पुस्तकांची एक अख्खी बॅग आणली आहे. तिच्यापायी नंदिनीची लिंबाच्या लोणच्याची बरणी पुण्यातच राहिली. हे मला जन्मभर ऐकावं लागणार.

हवा स्वच्छ आहे. झाडांची टोकं पिवळी पडू लागलीत. यशोधन म्हणाला, दोन आठवडे थांब, डोंगर पेटतील.

गुरुवार, २९ सप्टेंबर

ऑफिस बरं आहे. माणसं वेळेवर येतात, वेळेवर जातात. चूक झाली तर चूक झाली म्हणतात आणि पुढच्या कामाला लागतात. आपल्याकडे एका चुकीसाठी तीन बैठका आणि एक बळी लागतो.

कोजागिरी यंदा सोमवारी आहे. त्याआधीच्या शनिवार-रविवारी इथल्या मराठी मंडळींनी ब्लॅक फॉरेस्टमध्ये जायचं ठरवलंय: दिवसा पानांचे रंग बघत डोंगर चढायचा, संध्याकाळी वरच्या लाकडी झोपडीत मसाला दूध. आखणी माझ्याकडे आली, म्हणजे मीच ओढून घेतली. सह्याद्रीतले इतके किल्ले पायाखाली घातलेत, त्यापुढे हा डोंगर म्हणजे पर्वतीच. नकाशा जमिनीवर पसरून बसलोय. नंदिनी म्हणते, अहो, जेवणाची ताटं आता नकाशावरच मांडू का.

रविवार, २ ऑक्टोबर

आज यशोधनच्या घरी बैठक झाली. त्याची आई, सरलाकाकू, सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. इथेच निहारची ओळख झाली. सांगलीचा, कार्ल्सरूहला पीएच.डी. करतो, सत्तावीसएक वर्षांचा, मितभाषी. शाळेत असताना माझं एक भाषण ऐकलं होतं म्हणे. त्यातली वाक्यं त्याला अजून पाठ आहेत. ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मी वाट समजावून दिली. या खोऱ्यातल्या गावातून चढायचं, माथ्यावर झोपडी, मग घळीतून पलीकडच्या गावात उतरायचं. तिथे रेल्वे स्टेशन आहे. यशोधन म्हणाला की ऑक्टोबरात घळीत धुकं भरतं, दोन पावलांवरचं दिसत नाही. मी आमचा जुना नियम सांगितला. पुढच्याने दर वळणावर हाक मारायची, सगळ्यांत मागच्याने ओ द्यायचा. ओ आला नाही तर पुढच्याने पाऊल पुढे टाकायचं नाही, माघारी फिरायचं. या एका नियमावर मी आजवर कुणालाही हरवू दिलेलं नाही.

सरलाकाकू पोहे वाढता वाढता म्हणाल्या, रानात पहिल्या हाकेला ओ देऊ नये, चकवा असतो. झालं. मला विषयच मिळाला. चकवा म्हणजे काय, थकलेला मेंदू काय काय ऐकतो, भीती हीच कशी अज्ञानाची मुलगी आहे, सगळं बोललो. पंधरा वर्षं गावोगाव हेच बोलत आलोय. स्मशानात सभा घेतल्या आहेत. टाळ्या पडल्या. काकू म्हणाल्या, छान बोलतोस रे, आता पोहे खा, गार झाले. सगळे हसले, मीही हसलो.

पुढच्या शनिवारी मी आणि निहार आधी जाऊन वाट बघून येणार. दसरा बुधवारी आहे, त्यामुळे निहार म्हणाला की तिथल्या बीच नावाच्या झाडांची पिवळी पानं वेचून आणू, आपट्याऐवजी सोनं म्हणून सगळ्यांना देता येतील. मला कल्पना आवडली.

शनिवार, ८ ऑक्टोबर

घरी आलोय. आंघोळ झाली, चहा झाला.

वर जाईपर्यंत दिवस उत्तम होता. बीचची झाडं तांब्याच्या भांड्यासारखी चमकत होती. झोपडी बंद होती, पण छान आहे. माथ्यावरून घळीत उतरणाऱ्या वाटेवर लाल-पांढरा आडवा बांबू होता आणि रस्ता बंद असल्याची पाटी. खाली झाडं पडली असावीत. निहार म्हणाला, दादा, आल्या वाटेने परत जाऊ. मी म्हटलं, पाटी लावणारा माणूस घाबरट असतो, कारण त्याला जबाबदारी टाळायची असते. त्यावर पाच मिनिटं बोललो. तो बांबूखालून आला.

धुकं खालून वर आलं. तो पानं वेचत मागे राहत होता. मी हाक मारायचो, तो ओ द्यायचा. चार-पाच वळणं असं चाललं. एकदा त्याचा ओ जरा खालून आल्यासारखा वाटला, वाटेवरून नाही. पण आला. म्हणून मी पुढे गेलो.

मग आला नाही.

मी तीनदा हाक मारली. तो परत फिरला असणार. त्याला मुळात यायचंच नव्हतं. स्टेशनवर गाडी उभी होती, मी बसलो. त्याचा फोन लागत नाही. घळीत कुणाचाच लागत नव्हता.

परत फिरला असणार.

रविवार, ९ ऑक्टोबर

तो घरी पोचलेला नाही. दुपारी यशोधनबरोबर पोलिसांत गेलो. शेवटचा कुठे पाहिला, असं विचारलं. यशोधन माझं बोलणं जर्मनमध्ये सांगत होता आणि माझ्याकडे बघत होता. त्या नजरेत नुसता विश्वास होता. मी म्हटलं, माथ्यावर. आम्ही माथ्यावर वेगळे झालो. तो आल्या वाटेने परत गेला, मी बांबू ओलांडून एकटा उतरलो.

किती सहज निघालं तोंडातून. आयुष्यभर बोलायचा सराव.

आता बचावपथक चढाच्या बाजूला शोधतंय. घळीकडे कुणीही नाही.

मी इथे तरी खरं लिहितो. ओ आला नाही तेव्हा धुक्यात मागे कुठेतरी फांदी मोडली, आणि मी पळालो. गाडीसाठी नाही. घाबरून. पंधरा वर्षं लोकांना जे नाही म्हणून सांगत आलो, त्याला घाबरून.

सोमवार, १० ऑक्टोबर

सांगायला हवं. फोनपर्यंत दोनदा गेलो. सांगितलं की पहिला प्रश्न येईल, काल का नाही सांगितलं. दोन्हीदा तसाच परत फिरलो. मी, ज्याच्याकडे कुठल्याही सभेत उत्तर असायचं.

पथकाचे प्रमुख केस्लर यांचा फोन आला. शांत माणूस. तुम्ही डोंगरात एकमेकांशी संपर्क कसा ठेवता, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. मी नियम सांगितला. ते म्हणाले, म्हणजे या उत्तराचा अर्थ मी ठीक आहे, असा? ओ म्हणजे ठीक आहे असं नाही. ओ म्हणजे फक्त ऐकू आलं. मोठ्याने हाक मारली की आपण ओ देतो, पडलो असलो तरी देतो, पाय मोडला असला तरी आधी ओ देतो. तो पडला होता. तो खालून, पडल्या जागेवरून ओ देत होता. मला बरं वाटावं म्हणून.

केस्लरना म्हटलं, हो, असाच अर्थ.

मंगळवार, ११ ऑक्टोबर

दुपारी ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये सहकाऱ्याला हाक मारली. तो लांब होता, वळला नाही. मागून, जिन्याच्या बाजूने, बारीक आवाजात ओ आला.

मराठी बोलणारा त्या मजल्यावर मी एकटाच आहे.

थकलेला मेंदू काय काय ऐकतो. मीच सांगितलंय ना हे. परत परत लिहितो: थकलेला मेंदू.

बुधवार, १२ ऑक्टोबर. दसरा

नंदिनीने सरस्वतीचं चित्र काढून पूजा मांडली, माझी दोन पुस्तकं ठेवली. स्वयंपाकघरातून तिने हाक मारली, अहो, आंब्याचा रस उघडू का. मी बाल्कनीत होतो, काचेचं दार लावलेलं. तिचे ओठ हललेले फक्त दिसले. आत गेलो तर ती चिडलेली. म्हणाली, आतल्या खोलीतून ओ देता आणि येत नाही, किती वेळ थांबू.

आतल्या खोलीत मी नव्हतो.

तिने ऐकला. म्हणजे माझा मेंदू नाही.

संध्याकाळी दार उघडलं तर पायपुसण्यावर बीचचं पान. पिवळं, ओलं. नंदिनी म्हणाली, वाऱ्याने आलं असेल. उचलून माझ्या हातात ठेवलं आणि सवयीने म्हणाली, सोनं घ्या.

आपल्या रस्त्यावर बीचचं एकही झाड नाही.

गुरुवार, १३ ऑक्टोबर

सांगितलं. सकाळी ऑफिसला जाताना रेल्वे स्टेशनवरूनच केस्लरना फोन केला. घळ. बांबूच्या खाली, चौथ्या-पाचव्या वळणाशी. मी खोटं बोललो. मग ते म्हणाले, धन्यवाद. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर –

नंदिनीलाही सांगितलं. तिने माझा चहा टेबलावर ठेवला आणि आत गेली. अहो म्हणाली नाही.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

सापडला. मी सांगितलं तिथेच, वाटेच्या खाली. पाय मोडलेला. जॅकेटचे दोन्ही खिसे पानांनी भरलेले.

डॉक्टर म्हणतात, मंगळवारपर्यंत होता.

मंगळवारपर्यंत. रविवारी मी खरं बोललो असतो तर. सोमवारी बोललो असतो तरीही.

आणि मंगळवारचा तो ओ – तो जिवंत होता तेव्हाचा होता. आणि बुधवारचा –

शनिवार, १५ ऑक्टोबर

सहल अर्थातच नाही. यशोधनकडे सगळे जमले. निहारचे वडील मुंबईहून निघालेत. मला वाटलं होतं कुणीतरी अंगावर येईल. यशोधन फक्त म्हणाला, शेखर, तू बस. बाकीचे खुर्ची सरकवून जागा करून देत होते, माझ्याकडे न बघता.

सरलाकाकूंनी जवळ येऊन विचारलं की त्याचा ओ तुला ऐकू येतो का रे. मी मान हलवली. त्या म्हणाल्या, मग त्याला नुसता ओ देऊन पुरत नाही. तू माघारी फिरायला हवं होतंस, तेवढंच मागणं उरलंय त्याचं.

मी वाद घातला नाही.

घरी येताना ट्राममध्ये – मागच्या डब्यातून – कुणी हाक मारली नव्हती तरी – ओ. ओ. ओ. तो थांबलाय. मी फिरेपर्यंत देत राहणार.

रविवार, १६ ऑक्टोबर

नंदिनी माहेरी फोनवर बोलत होती. हळू आवाजात. मला बघून दार लावलं.

बरोबर आहे तिचं.

आता हाकेची वाट बघत नाही तो. मी पान उलटलं तरी. मी श्वास घेतला तरी.

सोमवार, १७ ऑक्टोबर. कोजागिरी

बांबूपाशी बसलोय. दुपार आहे, वर ऊन आहे, खाली घळीत पांढरं. ऑफिसला कळवलं नाही. नंदिनीला चिठ्ठी ठेवली: निहारला आणायला जातो.

म्हणजे माघारी फिरायला आलोय. नियम माझाच होता. उशिरा का होईना –

हाक मारली. निहार. सभेत मारायचो तशी, पोटातून.

काही नाही.

पुन्हा मारली. काही नाही. आठवड्यात पहिल्यांदाच शांत. पान पडल्याचा आवाज येतो. सुटलो का? रडू येतंय. लिहू दे –

खाली जातो. चौथ्या वळणापर्यंत. तिथे बसून उरलेलं लिहीन.

इथे दोन पावलांवरचं दिसत नाही. पेन ओलं. वाट हीच असावी – पाय घसरला, बरं आहे, फार नाही – टेकता येत नाही –

हाक आली.

खालून. पुढून. त्याचाच आवाज. दमलेला नाही, मोकळा, वळणावर उभं राहून मारावी तशी. शेखरदादा.

तो पुढे आहे. मी मागे.

मागच्याने ओ द्यायचा. दिला तर तो पुढे चालू लागेल आणि मला त्याच्या मागे – नाही दिला तर –

नाही दिला तर पुढचा माघारी फिरतो. मीच सांगितलं होतं. आणि निहार नियम पाळतो.

दुसरी हाक. तिसरी हाक. जवळून.

पानं वाजतायत. चालत येतोय. खिशातून सांडत असावीत –

दादा म्हणतोय. अगदी हळू. जसा मला बरं वाटावं म्हणून –

ओ