ट्रम्पेट वाजत असताना

ता. ३ फेब्रुवारी

प्रिय उंटे,

पहिल्याच शब्दाला राग आला असेल तर येऊ दे. तुझं खरं नाव लिहायला गेले, तर ते कुणा परक्या बाईचं वाटायला लागलं. पन्नासावर वर्षं झाली, पण माझ्यासाठी तू उंटीणच. कुणाच्याही डोक्यावरून पलीकडे बघणारी.

कशी आहेस? गुडघे काय म्हणतात? मी बरी आहे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात. सध्या उजव्या डोळ्याला जग धुतल्यासारखं दिसतं आणि डाव्याला चहा सांडल्यासारखं, त्यामुळे अक्षर वाकडं गेलं तर डाव्याला बोल लाव. तुझा पत्ता त्या डोळ्यांच्या दवाखान्यातच मिळाला. रांगेत माझ्यापुढे आपल्या कारखान्यातला, प्रेसवरचा दाढीवाला! दाढी पांढरी झालीये, कान मात्र पार गेलेत. त्याची बहीण तुझ्याच गल्लीत राहते, हे त्यानं मला इतक्या मोठ्यानं सांगितलं की सगळ्या दवाखान्याला कळलं.

आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली. तू त्यांना पाहिलं नाहीस. पाण्याची मीटरं तपासायचे. माणूस सोन्यासारखा, पण गाण्याच्या बाबतीत ठार दगड. मी मुलाकडे असते. सून कामाची आहे, बोलते कमी. नातीचं लग्न ठरलंय.

पत्र त्या लग्नावरूनच लिहितेय. म्हणजे लग्नावरून नाही. थांब, नीट सांगते.

गेल्या रविवारी जेवणं झाल्यावर नात टेबलावर मोबाईल ठेवून पार्टीसाठी गाणी निवडत होती. म्हणाली, "आजी, तुमच्या वेळचं एक गाणं सापडलंय, ऐक. काय भारी आहे! हा माणूस मुळात ट्रम्पेट वाजवणारा, गायला फक्त हे एकच."

मी म्हटलं, "मला नको सांगूस. त्या गाण्याच्या तबकड्या किती ऐकल्यात मी."

तिला ठाऊकच नव्हतं की मी रेकॉर्डच्या कारखान्यात होते. कुणालाच ठाऊक नव्हतं बहुतेक. सांगायचं राहूनच गेलं. मग सांगितलं, की ढिगातली एकेक तबकडी काढायची, पुसायची, लावायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची. खरखर आहे का, सुई उडते का, भोक मधोमध नसलं की आवाज हेलकावे खातो, तो खातोय का. नात म्हणाली, "म्हणजे दिवसभर गाणी ऐकायचे पैसे मिळायचे तुला?" मी म्हटलं, "गाणी कसली, खरखर ऐकायची."

खरंच की नाही, उंटे? तो अख्खा हिवाळा तबकड्या दाबणारे चारही प्रेस फक्त हेच गाणं ओतत होते, आणि तू तुझ्या खोलीत, मी माझ्या खोलीत, मधे काच, दोघींच्या कानाला हेच. बाहेर सगळं गाव त्या गाण्यावर लट्टू झालं होतं, आणि आपल्याला घरी गेल्यावर कुणी शीळ जरी घातली तरी अंगावर यायचं.

तिनं गाणं लावलं. मी सवयीनं खरखर शोधत बसले. खरखर नव्हतीच, मोबाईलवर कुठली असायला. करायला काही उरलं नाही, म्हणून गाणं ऐकलं. आणि मला ते चुकीचं वाटायला लागलं. ओळी मागेपुढे झाल्यासारख्या. नातीला म्हटलंसुद्धा, "हे त्यांनी बदललंय." ती म्हणाली, "काही बदललेलं नाही, मूळचंच आहे."

मग उमगलं. तू काचेपलीकडून तोंडानं गाणं म्हणायचीस ना, नुसते ओठ हलवून! तुझी तबकडी माझ्याआधी सुरू झालेली असायची. माझ्या कानात एक ओळ आणि तुझ्या ओठांवर पुढची. माझ्या डोक्यात ते गाणं तसंच बसलंय, दोन्ही ओळी एकदम. आता सुटं ऐकलं तर अर्धवट वाटलं.

आणि उंटे, मी रडले. चांगली हुंदके देऊन. मुलगा उठून आला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाबांची आठवण आली ना?" सुनेनं पाणी दिलं. नातीनं ठरवूनच टाकलं की हे गाणं पार्टीत आजोबांच्या आठवणीसाठी लावायचं. मी मान डोलावली. दुसरं काय करणार? पण यांची आठवण आली नव्हती. यांना मी भेटले त्या हिवाळ्यानंतर दोन वर्षांनी. मग रडले कशाला? चार दिवस झाले, डोकं नुसतं भंजाळलंय. डॉक्टरांना विचारलं, डोळ्यात घालायच्या थेंबांनी असं रडू येतं का. ते हसले.

तुला तो दिवस आठवतो का, आपल्यावर नजर ठेवणाऱ्या घड्याळसाहेबाची दाढ दुखत होती आणि तो लवकर घरी गेला? तू काचेवर टकटक केलंस, तीन बोटं वर केलीस, एकेक करून मिटलीस, आणि आपण दोघींनी एकदम सुई टेकवली. तेवढ्या एकाच वेळी तुझे ओठ आणि माझ्या कानातले शब्द जुळले. मी तर डोळे मिटून मानेनं ताल धरला होता. गाणं संपलं तर तू खोलीत नव्हतीस. चहाला मला न घेता गेलीस. पुढच्या सोमवारी तुझं लग्न ठरल्याचं सांगितलंस, आणि तुझ्या लग्नात मी इतकं जेवले की दोन दिवस पोट धरून पडून होते.

असो. म्हातारपणी काहीबाही आठवतं. तुला गाणं आठवत असेल तर कळव. नसेल तरी कळव. घरात सगळ्यांना आशीर्वाद.

तुझी जुनी सोबतीण,
टिचकी

*

ता. ७ फेब्रुवारी

प्रिय उंटे,

माझं आधीचं पत्र मिळालं असेल तर फाडून टाक. मिळालं नसेल तर मिळाल्यावर फाडून टाक. पेटीत टाकलं आणि हात आत घालून परत काढावंसं वाटलं. मनगटापर्यंत गेलासुद्धा. मागे एक गृहस्थ पाकीट घेऊन उभे होते, ते म्हणाले, "आजी, काही हरवलं का?" मी म्हटलं, "हो."

नात रोज गाणं लावते. मी रोज ऐकते. जो भेटतो त्याला ते गाणं ऐकून कुणीतरी आठवतं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना त्यांचा पहिला मित्र आठवला. सुनेच्या वडिलांना तर कुणी माणूसच नाही, त्यांची पहिली मोटरसायकल आठवली. लोकांचं किती सोपं असतं बघ.

मला तू आठवतेस. तुझी मान आठवते, हेडफोनच्या पट्टीखाली दबलेले केस आठवतात, काचेवर तुझ्या श्वासाचा डाग पडायचा तो आठवतो. यांचा चेहरा आठवायला मला फोटो काढावा लागतो, आणि हे मात्र डोळे मिटले की हजर. असं का, ते मला कळत नाही. त्याला काय म्हणतात तेही कळत नाही. तेव्हा विचारायला कुणी नव्हतं, आता विचारायची लाज वाटते. यांच्याशी माझं सगळं चांगलं झालं, त्यात कुठे खोट नव्हती. मग हे कुठल्या कप्प्यात ठेवायचं?

आणि खरं विचारायचं ते पहिल्या पत्रात विचारलंच नाही. दहा ठिकाणी फिरून आले आणि तिथे मात्र गेले नाही.

त्या गाण्यात दोन कडवी झाली की तो गायचं थांबवतो. मनातलं सांगायची वेळ येते, आणि नेमका तिथेच तो ट्रम्पेट उचलतो. बराच वेळ नुसतं ट्रम्पेट. शब्द नाहीत. हे मला इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं, कारण मी फक्त खरखर ऐकत होते. परवा लक्षात आलं.

त्या दिवशी आपण एकदम सुरू केलं होतं. ट्रम्पेट सुरू झालं तेव्हा मी एकदाच, अगदी क्षणभर, डोळे उघडून तुझ्याकडे बघितलं होतं. तेव्हाही तुझे ओठ हलत होते.

तू काय बोलत होतीस?

टिचकी

*

ता. २१ फेब्रुवारी

टिचके,

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली आणि मी नेमकं दुसरं आधी फोडलं. म्हणजे आधी "फाडून टाक" वाचलं आणि मग काय फाडायचं ते वाचलं. कारखान्यातही तू असाच घोळ घालायचीस. फाडलेलं नाही.

मी ठीक आहे. डाव्या कानानं ऐकू येत नाही, गुडघ्यांचं विचारू नकोस. मुलगी दूर असते. हे आहेत, तब्येतीनं खणखणीत आहेत. तुझं पत्र बघून म्हणाले, "कोण ही टिचकी?" मी म्हटलं, "कामावरची." म्हणाले, "कामावरच्या बाईनं एवढी पानं लिहिली?"

गाणं मला आठवत नव्हतं. शेजारच्या शिंपिणीला सांगून तिच्या मोबाईलवर लावायला लावलं. उजवा कान जवळ नेऊन ऐकलं. शिंपिणीनं मशीन थांबवलं आणि तिला तिचा कुणी बसवाला आठवला. मला गाणं आवडलं नाही. नाकात गातो. तेव्हाही नाकातच गात असणार.

मग ट्रम्पेट सुरू झालं आणि मी उठून उभी राहिले. शिंपीण घाबरली. "काय झालं, मावशी?" म्हटलं, "पायात गोळा आला."

तर ऐक. तू विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर हे माझ्याबरोबरच गेलं असतं. आधी मी गाणंच म्हणत होते, तुझी आठवण बरोबर आहे. ट्रम्पेट लागल्यावर मी तुला विचारलं, "घरचे माझं लग्न ठरवतायत. मी नाही म्हणू का?" एवढंच. दोनदा विचारलं. तोंडानं विचारायची छाती नव्हती. काचेआडून विचारलं की विचारल्यासारखंही होतं आणि न विचारल्यासारखंही. तुला माझे ओठ वाचता येतात असं मी धरून चालले होते. तू मान हलवत होतीस. आडवी. मला वाटलं, नाही म्हणू नकोस, असं तू सांगतेयस. हेडफोन ठेवला आणि गेले. संध्याकाळी घरी होकार दिला.

तू ताल धरला होतास हे मला काल कळलं.

रागावले का? काल दुपारभर रागावले. तुझ्यावर, त्या ट्रम्पेटवाल्यावर, सगळ्यात जास्त माझ्यावर, की एवढी मोठी गोष्ट कुणी काचेतून विचारतं का. मग राग गेला आणि त्याच्या जागी काय आलं ते सांगता येत नाही. तू खरंच "नाही म्हण" म्हणाली असतीस तर मी काय केलं असतं? बहुतेक तरीही हेच लग्न केलं असतं. नाही म्हणून करणार काय होतो आपण? कुठे जाणार होतो? असं कुणी करतं हे आपल्या कानावरही नव्हतं. आणि माझंही सगळं चांगलं झालं, खोटं कशाला सांगू. हे भांडतात, पण मनात ठेवत नाहीत.

आईला नाही, ताईला नाही, तुलाच का विचारलं, हे तू पुढच्या पत्रात विचारशील. आधीच लिहिते. माहीत नाही. माहीत नाही असंही नाही. तू जे लिहिलंस, कप्प्याचं, तसंच काहीसं. माझ्याकडेही तो कप्पा नाही.

काल रात्री जेवताना यांना म्हटलं, मैत्रिणीनं एका जुन्या गाण्याचं लिहिलंय, ट्रम्पेटवाल्याच्या, मला मेलं आठवतच नव्हतं. हे म्हणाले, "कसं आठवेल? लागलं की रेडिओ बंद करायचीस."

मी म्हटलं, "मी? कधी?"

म्हणाले, "नेहमी. लग्न झाल्यापासून. मला आवडायचं ते. मग मी तू बाहेर गेलीस की ऐकायचो."

मला यातलं काही आठवत नाही, टिचके. देवाशपथ नाही. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. कधीच विचारलं नव्हतं. काल मीच विचारलं, तुम्ही कधी बोलला कसे नाहीत? तर म्हणाले, "एक गाणंच ते. तुला त्रास होत असेल काहीतरी." आणि ताट उचलून आत गेले. आता मला तुझ्याबद्दल काय वाटतं ते कळत नाही आणि यांच्याबद्दल काय वाटतं तेही नव्यानं कळेनासं झालंय. सत्त्याहत्तराव्या वर्षी हे धंदे.

तू ये. दुसऱ्या डोळ्याचं झालं, नातीचं लग्न पार पडलं, की ये. वरची खोली रिकामी आहे, ऊन चांगलं येतं. यांना सांगितलंय. म्हणाले, "येऊ दे की, बघू तरी." किती दिवस राहणार ते आधी लिहू नकोस, लिहिलंस तर तेवढेच दिवस राहशील. आपण बोलू. नाही बोललो तर नुसत्या बसू. माझ्या उजव्या बाजूला बस म्हणजे झालं.

अजून काहीतरी लिहायचं होतं, पण शब्द सापडत नाही, आणि उगाच भलताच घालण्यापेक्षा राहू दे. शेवटी सही करायची पद्धत असते. माझ्या नावाचं सोड, ते तुझं तू लिही, तुला हवं ते. मी त्याच्या आधीचा शब्द तेवढा लिहिते.

तुझी,