आजाऱ्याला कुंडी नेत नाहीत

६ जुलै
आसागाओचा, पहाटे उमलून दुपारी मिटणाऱ्या फुलांचा वेल काडीच्या टोकाला पोचला. आज पहिलं फूल — आणि बघायला हे घरी नाहीत, दवाखान्यात! झिनिया, झेंडू आपले आपण फुलतात. लाड सगळे ह्या एका वेलाचे. ह्यांना कित्येक वर्षं हवं होतं तसं दुर्मिळ चुरगळलेलं पान ह्याच वर्षी आलंय.

९ जुलै
फूल तोडून ओल्या कागदात नेलं. ट्राममध्येच मिटलं. हे हसले. "दुपारी भेटायला येतेस आणि सकाळचं फूल आणतेस!"

१० जुलै
काल एक कळीही ह्यांच्याजवळ पेल्यात ठेवून आले होते. पहाटे उमलली म्हणे. तरी ह्यांचं समाधान नाही. "फूल कुणाच्याही अंगणात फुलतं गं. मला पान बघायचंय. वेलावरचं, जिवंत."

१४ जुलै
कुंडी फडक्यात बांधत होते, तेवढ्यात तोमिए वन्सं आल्या. ह्यांची थोरली बहीण — नजरेतून काही सुटत नाही. "फुमी, अक्कल गहाण टाकलीस का? मुळासकट रोप आजाऱ्याकडे नेतात? तोसुद्धा अंथरुणाला मूळ धरतो! कोसाकुला कायमचं तिथंच ठेवायचंय?"
कुंडी परत अंगणात ठेवली. राग आला फार. पण भीती मलाही वाटते.

१७ जुलै
पानाचं चित्र काढून नेलं. ह्यांनी ते उलटं धरलं. "हा बटाटा का?"
खूप दिवसांनी दोघं हसलो. मग त्यांना खोकला आवरेना.

२१ जुलै
डॉक्टरांनी वन्संना आणि मला बाहेर बोलावलं. म्हणाले, आता फार दिवस नाहीत. ह्यांना कळू द्यायचं नाही असं ठरलं. आजाऱ्याला असं कुणीच सांगत नाही. आत आलो तर हे विचारतात, "वेलाला पाणी घातलंस ना?" घातलं म्हटलं. वन्सं खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

२२ जुलै
पाणी घातलं. जेवण गेलं नाही.

२३ जुलै
सकाळी उठले तर अंगणात कुंडी नाही! चोरीच झाली म्हणून रडले. आज ह्यांना काय सांगायचं, ह्याच विचारात दवाखान्यात गेले.
कुंडी ह्यांच्या उशाशी. ह्यांची बोटं पानावर. शेजारी वन्सं, किमोनोच्या बाहीला चिखल. मी काही विचारायच्या आत हळूच म्हणाल्या, "धरू दे मूळ. अंथरुणाला का होईना — पण राहू दे."