दोनशे गुंजा

३ मार्च

चि. भिंगरीस,
आजीचे भरभरून आशीर्वाद. तिघंही खुशाल ना?

पिटुकली काल दोनशे दिवसांची झाली, म्हणून पाळण्यावर टांगायला माळ धाडलीय. कुंपणावरच्या वेलाच्या गुंजा, लालचुटूक, काळ्या टिकलीच्या. माझे बाबा सोनार, ह्याच बियांनी सोनं तोलायचे. तापल्या सुईने एकेकीला भोक पाडून मोजून दोनशे ओवल्या, तेही चष्म्याशिवाय! शेजारची शिंपीण बघतच राहिली. तिची सून परत माहेरी गेली म्हणे, ते असो. तुझं विषारी झाडांच्या बागेत पाट्या लिहायचं काम कसं चाललंय? एवढी शिकून विषाची राखण करतेस, कमाल आहे बाई!

माझा जीव त्या माळेतच ओवलाय असं समज.
तुझी आजी

७ मार्च, दुपार

ति. आजीस शि. सा. न.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून हे बसच्या ड्रायव्हरकाकांच्या हाती. उत्तर त्यांच्याजवळच दे.

आज सकाळी मी गुंजेचीच पाटी लिहिली. पूर्वी ह्या बिया वाटून काटे करायचे, आणि दुसऱ्याची गुरं, कधी माणसंही, टोचून मारायचे. अख्खी बी टणक, बहुधा पोटातून तशीच बाहेर पडते. भोक पाडलं की विष मोकळं. घरी येते तर पिटुकलीच्या बाबाने माळ टांगलेली आणि तिने ओढून तोडलेली. एकशे नव्याण्णव बिया सापडल्या. पलंग हलवला, केर चाळला, एक काही मिळेना. तिला दवाखान्यात ठेवलंय. हसतेय, पण डॉक्टर म्हणतात, त्रास दिसायला वेळ लागतो. आजी, नक्की दोनशेच होत्या का? मी रागावले नाही गं. तूही हात धू.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
भिंगरी

७ मार्च, संध्याकाळ

चि. भिंगरीस,
आशीर्वाद मागाहून, आधी हे वाच. ओवल्या एकशे नव्याण्णवच. शेवटची सुईखाली फुटली, बरणीत दुसरी नव्हती. डोळे गेलेत हे कुणाला सांगायचं, म्हणून दोनशे लिहिलं. फुटकी बी सुयांच्या डबीतच होती. दोन्ही अर्धुकं कागदात गुंडाळून धाडलीत, डॉक्टरांना जुळवून दाखव.

ड्रायव्हरने समोर उभं राहून मला दोनदा साबण लावायला लावला, तिकडे गाडीतली माणसं ओरडतायत. शिंपीण हातमोजे घालून वेल उपटतेय. बाबा जन्मभर ह्या बिया बोटांत खेळवून म्हातारपणाने गेले, मला काय ठाऊक गं!

पुढची माळ लोकरीच्या गोंड्यांची. चष्मा लावून करीन, आणि मोजायला शिंपिणीला बसवीन.

पिटुकलीचा पापा घे, आणि मला पदरात घे.
तुझी खोटारडी आजी