डबडं जागचं हलणार नाही

प्रिय भाऊजी,

तुम्ही वयाने माझ्याहून लहान, पण दीर म्हणून मान मोठा, तेव्हा आधी नमस्कार. गुडघा काय म्हणतो? जाऊबाईंचा खोकला थांबला का? मी ठणठणीत आहे आणि रागावलेली आहे. माझ्या वयात या दोन्ही गोष्टी एकदम जमतात, म्हणजे प्रकृती उत्तम आहे असं समजावं.

रागाचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. यांचा संगणक भंगारात द्यायचा आणि मला बोटाने सरकवायची एक पाटी आणून द्यायची, असा ठराव तुमच्या पुतण्याने मांडला आणि तुम्ही फोनवरून अनुमोदन दिलंत. वर म्हणालात, "वहिनी, त्या डबड्यात आता राहिलंय काय?" (तुमच्या सख्ख्या भावाची निवृत्तीनंतरची सगळी वर्षं राहिली आहेत, हे मी तेव्हा बोलले नाही. गॅसवर दूध होतं.) अडचण एवढीच होती की संगणक पासवर्ड मागायचा, आणि तो हे बरोबर घेऊन गेले. मी माझं नाव घालून पाहिलं. उघडेना. जरा वाईट वाटलं. मग तुमचं घातलं, तेही चालेना, तेव्हा बरं वाटलं. चिरंजीव म्हणाले, "आई, ती सिस्टिम म्हातारी झालीय, बनवणाऱ्यांनीच तिला सोडून दिलंय." म्हटलं, म्हातारं झालं की सोडून देतात, हे निदान माझ्यासमोर तरी बोलू नकोस.

मग मी इंटरनेटची तार घेतली. ती जोडायला आलेले गृहस्थ शिडीवरूनच म्हणाले, "काकू, यावर लिनक्स नावाची दुसरी सिस्टिम चालवा. फुकट असतं, आणि जुन्या मशीनवरही पळतं." आता, एकच लिनक्स असतं तर हे पत्र इतकं लांबलं नसतं. मी मोबाइलवर एका चर्चामंडळात अगदी नम्रपणे विचारलं, की नवशिक्या बाईने कोणतं घ्यावं? भाऊजी, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरूनसुद्धा माणसं एवढी भांडत नाहीत! एक म्हणे उबंटू, दुसरा म्हणे फेडोरा, तिसरा त्या दोघांची अक्कल काढी. मला तर वाचता वाचता आमच्या कॉन्व्हेंटचा वर्गच दिसायला लागला. डेबियन म्हणजे आमची मॉनिटर, कधी घाई नाही, कधी चूक नाही, आणि म्हणूनच कुणाची मैत्रीण नाही. आर्च म्हणजे शिवणाच्या सिस्टर, ज्यांना रुमाल हवा म्हटलं तर आधी सुईत दोरा ओवण्यावर व्याख्यान. (एकाने मला आर्चच घ्या म्हणून सांगितलं. तो आपल्या आईशी कसा वागत असेल, या विचाराने मला काळजी लागली.) शेवटी मी मिंट निवडलं. कारण विचारू नका. बरं, सांगते. गणिताच्या सिस्टर उत्तर बरोबर आलं की टेबलाच्या खणातून पेपरमिंटची गोळी द्यायच्या. मला गणित येत नसे, पण हात आधी वर करायची म्हणून एकदा अर्धी दिली होती. ती चव अजून आहे.

तारवाल्यांनी पेनड्राइव्हवर मिंट घालून दिलं, कसं सुरू करायचं ते दाखवलं आणि दुसऱ्या गल्लीत तार तुटली म्हणून अर्ध्यावरच पळाले. पुढचं मी केलं. मी, भाऊजी! पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू केला, तर पासवर्ड न विचारता यांचा कप्पा उघडला. पाणीपुरवठा खात्याला लिहिलेल्या तक्रारी, तुमच्या टकलाचे मागून काढलेले फोटो, आणि संगणकाशी मांडलेला बुद्धिबळाचा अर्धा डाव. मी बराच वेळ नुसती बघत बसले. चहा निवला.

तेव्हापासून रोज सकाळी संगणक लावते. या लिनक्सची शिस्त मोठी करडी आहे. रोज वायफायचा पासवर्ड नव्याने विचारतं, आदल्या दिवशी लावलेलं चित्र पुसून टाकतं, बुद्धिबळाचा प्रोग्रॅम रोज पुन्हा उतरवून घ्यायला लावतं. मला त्याचं काही वाटत नाही. शाळेत सिस्टर रोज फळा पुसायच्या आणि हजेरी रोज घ्यायच्या; काल आले होते म्हणून आज कुणी सूट देत नसे. संध्याकाळी मी पेनड्राइव्ह पुसून चष्म्याच्या घरात ठेवते.

तर रविवारी चिरंजीव पिशवी घेऊन येतील, त्यांना तुमच्या तोंडून आधीच कळू द्या: लिनक्स बसलेलं आहे, संगणक चालू आहे, आणि डबडं जागचं हलणार नाही. हलवायचंच असेल तर टेबलासकट हलवा, आणि टेबलाला धरून मी बसलेली असेन.

तुमची,
न ऐकणारी वहिनी

ता. क. तारवाले आत्ता येऊन गेले. माझी शिस्त बघून खुर्चीतच बसले. म्हणाले, "काकू, हे बसवलेलंच नाहीये! तुम्ही रोज नुसतं पेनड्राइव्हवरून चाखून बघताय." म्हणून रोज सगळं विसरतं म्हणे. बसवायचं चित्र पडद्यावर पहिल्या दिवसापासून होतं. मला ती जाहिरात वाटली. त्यावर भरभर होय-होय करत गेले असते तर यांचा कप्पा साफ पुसला गेला असता. म्हणजे माझ्या अज्ञानानेच तुमचा भाऊ वाचला. हे चिरंजिवांना सांगू नका. बसलेलं आहे, एवढंच सांगा.

आणखी एक. त्या डावात चाल यांची आहे. संगणक कधीचा थांबलाय. मला घोडा अडीच घरं जातो, यापलीकडे काही कळत नाही, आणि यांच्याशी जन्मभर तुम्हीच खेळलात. सोंगट्या कुठे कुठे आहेत ते मागच्या पानावर काढून पाठवते आहे. हे काय खेळले असते, ते कळवा. मात्र जिंकायची चाल नको. डाव लांबेल अशी सांगा.